गोधड्यांच्या दुकानांचें गांव

एकाद्या गांवाचें नांव एकाद्या वस्तूशीं कायमचें जोडलें जावें, हा प्रकार आपणांस नवा नाहीं. पैठण म्हटलें कीं पैठणी डोळ्यांपुढें येते, सावंतवाडी म्हटली कीं लांकडी खेळणीं आठवतात, मिरज म्हटली कीं सतार-तंबोरे, आणि इचलकरंजी म्हटली कीं मागांचा खडखडाट कानीं येतो. ह्या गांवांना हा लौकिक एका दिवसांत मिळालेला नाहीं. कोठें राजाश्रय होता, कोठें कच्चा माल जवळ होता, कोठें कसबी घराण्यांनीं पिढ्यान् पिढ्या एकच धंदा केला. परंतु ज्याला राजाश्रय नाहीं, ज्याच्या शिवारांत कापूस पिकत नाहीं, जेथें कापडाची एकहि गिरणी नाहीं आणि ज्याची वस्ती दोन हजारांच्याहि आंत आहे, असें एक गांव अवघ्या दहा-बारा वर्षांत गोधड्या शिवणाऱ्या बायकांचें तीर्थक्षेत्र बनलें, असें सांगितलें तर आपणांस तें सहसा खरें वाटणार नाहीं. त्या गांवाची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

अमेरिकेच्या मध्यभागीं मिसूरी नांवाचें राज्य आहे. त्या राज्यांत, कॅन्सास सिटी ह्या मोठ्या शहराच्या ईशान्येस सुमारें साठ मैलांवर, हॅमिल्टन नांवाचें हें गांव वसलें आहे. २०१० सालच्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या १,८०९ भरली; म्हणजे आपल्याकडील एकाद्या बेताच्या खेड्याएवढी. आमची मुलगी व जांवई कॅन्सास सिटीस असतात. २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत मी व माझी पत्नी त्यांच्याकडे गेलों असतां एका शनिवारीं हें गांव पाहण्याचा योग आला. इच्छा माझ्या पत्नीची, मी सोबतीला. ज्या घरांत गोधड्यांची चळत कपाटाच्या वर माळ्यापर्यंत पोंचलेली आहे, त्या घरच्या माणसांनीं साता समुद्रांपलीकडे येऊन पुन्हां गोधड्याच पाहण्यासाठीं साठ मैल जावें, ह्याची मला गंमत वाटली. परंतु जें पाहिलें तें विचार करावयास लावणारें होतें.

शहर मागें पडलें कीं रस्त्याच्या दोहों बाजूंस मका आणि सोयाबीन यांचीं शेतें लागतात. ह्या मुलखांत वस्ती वाढली ती मुख्यतः आगगाडीमुळें. मिसिसिपी नदीच्या कांठच्या हॅनिबालपासून मिसूरी नदीच्या कांठच्या सेंट जोसेफपर्यंत राज्याच्या उत्तर भागांतून आडवा जाणारा लोहमार्ग १८५९ सालीं पुरा झाला, आणि हॅमिल्टन हें त्याच मार्गावरील गांव आहे. धान्य आणि गुरें गाडींत चढवावयाचीं, व कापडचोपड, हत्यारें, किराणा उतरून घ्यावयाचा, हा अशा गांवांचा व्यवहार. त्यामुळें मुख्य रस्त्यावर विटांच्या दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा तो बाजार झाला.

ह्याच गांवीं १८७५ सालीं जेम्स कॅश पेनी ह्यांचा जन्म झाला. ऐन विशींत ते गांवांतल्याच एका कापडाच्या दुकानांत महिना २ डॉलर २७ सेंट एवढ्या पगारावर नोकरीस राहिले. पुढें १९०२ सालीं वायोमिंग राज्यांतील केमरर ह्या खाणींच्या गांवीं त्यांनीं भागींत दुकान काढलें, आणि त्यांतूनच त्यांच्या नांवाच्या दुकानांचें जाळें साऱ्या देशभर पसरलें. १९२४ सालीं आपलें पांचशेंवें दुकान त्यांनीं मुद्दाम ह्या जन्मगांवीं उघडलें. ज्या मुलानें येथें गज हातांत धरून कापड मोजलें, तोच मालक होऊन परत आला, ही गोष्ट गांव अजून अभिमानानें सांगतें. त्यांच्या नांवाचें ग्रंथालय व संग्रहालयहि तेथें आहे. मात्र दैवगति अशी कीं, ह्या थोरल्या कंपनीवर २०२० सालीं दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली व ती दुसऱ्या मालकांच्या हातीं गेली. आणि त्याच वेळीं तिच्या संस्थापकाचें हें लहानसें जन्मगांव कापडाच्याच व्यापारावर नांदत होतें.

मधल्या काळांत गांवाची दशा बरी नव्हती. शेतीची यंत्रें मोठीं झालीं तशीं शेतेंहि मोठीं झालीं आणि शेतकरी कमी झाले. घरोघरीं मोटारी आल्या. लोक दूरच्या शहरांतील मोठ्या दुकानांतून आठवड्याचा बाजार एकदम करूं लागले. गांवचीं दुकानें एकामागून एक बंद पडलीं, खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, तरुण मुलें शिक्षणासाठीं गेलीं तीं परत आलीं नाहींत. अमेरिकेच्या मध्यभागांतील शेंकडों गांवांची हीच कथा आहे, आणि आपल्याकडेहि ती अगदींच अपरिचित नाहीं. ज्यांनीं आपल्या गांवची शाळा पटसंख्येवांचून ओस पडतांना पाहिली आहे, त्यांना ती अधिक फोड करून सांगावयास नको.

आतां ह्या गांवाला ज्या वस्तूनें तारलें ती वस्तु कोणती, हें पाहूं. इंग्रजींत तिला क्विल्ट म्हणतात. ह्या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत असून त्याचा अर्थ गादी असा आहे. क्विल्टमध्यें तीन थर असतात. वरचा थर रंगीबेरंगी कापडाचे तुकडे जोडून केलेला, मधला थर कापसाचा किंवा लोंकरीचा, आणि खालचा थर अखंड कापडाचा. हे तिन्ही थर एकत्र धरून आरपार टांके घालावयाचे, हें खरें क्विल्टचें काम. टांके नसतील तर मधला कापूस सरकून एका बाजूस गोळा होईल. टांक्यांमुळें तो जागच्या जागीं राहतो, त्यांत हवा कोंडली जाते, आणि कोंडलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. हातानें काम करणाऱ्या निष्णात बाईच्या सुईचे इंचास आठ-दहा टांके पडतात.

आपली गोधडी ही हिची सख्खी बहीणच होय. परंतु दोघींची राहणी निराळी. आपल्या गोधडींत मधला कापूस बहुधा नसतो. जुनीं लुगडीं, धोतरें, सदरे हेच एकावर एक पसरून त्यांचे थर करावयाचे, आणि कडेपासून आरंभ करून धांवदोऱ्यानें फेरे घेत घेत मध्यापर्यंत यावयाचें. कोल्हापूर-सातारा भागांत तिला वाकळ म्हणतात. बंगालमध्यें कांथा, बिहारमध्यें सुजनी, आणि सिंध-कच्छकडे रल्ली हीं तिचींच भावंडें. कारवारच्या रानांत राहणारे, मूळचे आफ्रिकेंतून आलेले सिद्दी लोक कवंद नांवाची गोधडी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर कापडाचें फूल बसविल्याशिवाय ती पुरी झाली असें मानीत नाहींत. गाडगेमहाराजांच्या अंगावर चिंध्यांची गोधडी असे म्हणून लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत. सारांश, जेथें थंडी आहे, दारिद्र्य आहे आणि सुई आहे, तेथें गोधडी आहेच.

अमेरिकन क्विल्टचें आपल्या देशाशीं आणखीहि एक नातें आहे. सतराव्या शतकांत सुरत व कोरोमंडलचा किनारा येथून छापील सुती कापड विलायतेस जाऊं लागलें. पक्क्या रंगाचें, धुतलें तरी न विटणारें असें कापड तिकडच्या लोकांनीं पूर्वीं पाहिलें नव्हतें. आपल्या छिटाचें तिकडे चिंट्झ झालें, कालिकतच्या नांवावरून कॅलिको हा शब्द रूढ झाला, आणि आपल्या पलंगपोसाला पॅलमपोर असें नांव मिळालें. ह्या कापडाचा सोस एवढा वाढला कीं, तिकडील विणकरांच्या रक्षणासाठीं पार्लमेंटला १७०० सालीं त्याची आयात आणि १७२१ सालीं त्याचा वापर कायद्यानें बंद करावा लागला. अशा दुर्मिळ छिटांतील फुलें-पक्षी कातरून ते साध्या कापडावर टांचून क्विल्ट करण्याची चाल पुढें विलायतेंत व अमेरिकेंत चांगलीच रुजली. म्हणजे आज ज्या कलेचें कौतुक अमेरिका करते, तिच्या जुन्या नमुन्यांत आपल्या रंगाऱ्यांचा हात आहे.

पुढें त्या देशांत गिरण्या निघाल्या, कापड स्वस्त झालें, शिवणयंत्र आलें, आणि तुकडे जोडण्याच्या अनेक रचना तयार झाल्या. त्यांचीं नांवें मोठीं अर्थपूर्ण आहेत. नऊ तुकड्यांचा चौकोन ही मुलींना पहिल्यानें शिकविली जाणारी रचना. ओंडक्यांची झोंपडी ह्या रचनेंत मध्यें एक लाल चौकोन असून त्याच्या चारी बाजूंनीं पट्ट्या बसवीत जातात. तो लाल चौकोन म्हणजे घरांतील पेटलेली चूल, असें समजतात. उडते हंस, लग्नाच्या दोन अंगठ्या अशाहि रचना आहेत. शेजारच्या बायका एका लांकडी चौकटीभोंवतीं बसून एकीचें क्विल्ट सगळ्या मिळून पुरें करीत. आपल्याकडे पापड-कुरडयांना जशा शेजारणी जमतात तसाच हा प्रकार. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत पीठ आणि गुरांचें खाद्य सुती पोत्यांतून येई. बायका त्या पोत्यांचीं झबलीं आणि गोधड्या शिवतात हें कारखानदारांच्या ध्यानीं आलें, तेव्हां त्यांनीं पोत्यांवरच फुलांचे छाप काढण्यास सुरुवात केली.

त्याच मंदींतील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९३३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें एका मोठ्या व्यापारी कंपनीनें क्विल्टची स्पर्धा ठेविली. सुमारें चोवीस हजार क्विल्टें आलीं. पहिलें बक्षीस एक हजार डॉलरचें होतें. तेवढ्यांत त्या काळीं एका कुटुंबाचा वर्षाचा खर्च भागता. तें बक्षीस केंटकी राज्यांतील एका बाईंना मिळालें, आणि त्यांचें क्विल्ट अध्यक्षांच्या पत्नीस नजर करण्यांत आलें. परंतु त्या क्विल्टवरील एकहि टांका त्या बाईंच्या हातचा नव्हता. तो शिवला होता त्यांच्याकडे मजुरीवर काम करणाऱ्या गरीब बायकांनीं. त्यांना बक्षिसांतला एक पैहि मिळाला नाहीं, आणि असलेलें काम जाईल ह्या भयानें त्यांनीं तोंडहि उघडलें नाहीं. सुईच्या कामाची वाहवा एकीची आणि श्रम दुसरीचे, ही गोष्ट कोणत्याहि एका देशाची नाहीं.

आतां हॅमिल्टनकडे वळूं. जेनी डोन नांवाची एक गृहिणी आपल्या पतीसह व मुलांसह कॅलिफोर्नियांतून येऊन ह्या गांवाच्या आसऱ्यास राहिली होती. तिला क्विल्टचा छंद लागला. तुकडे जोडून वरचा थर ती घरीं करी. परंतु तिन्ही थर एकत्र शिवण्याकरितां तो दुसऱ्या एका बाईकडे द्यावा लागे, आणि तेथें इतकी गर्दी असे कीं काम हातीं पडावयास कित्येक महिने लागत. २००८ सालीं अमेरिकेंत मोठें आर्थिक संकट आलें. म्हाताऱ्या आईबापांच्या निर्वाहाचें कसें होणार ही काळजी मुलांना पडली. तेव्हां त्यांनीं कर्ज काढून तिन्ही थर शिवणारें एक मोठें यंत्र आणि तें ठेवण्यासाठीं गांवांतील एक जुनी इमारत विकत घेतली. मिसूरी स्टार क्विल्ट कंपनीचा आरंभ हा असा झाला.

गांवांत गिऱ्हाइक नव्हतें. तेव्हां मुलानें सुचविलें कीं, आईनें क्विल्ट कसें शिवावें हें दाखवावें, त्याचीं चलच्चित्रें घेऊन तीं यूट्यूबवर ठेवावीं, आणि ज्याला हवीं त्यानें तीं फुकट पाहावीं. जेनीबाईंना, मुलगा काय म्हणतो हेंच प्रथम नीटसें उमगलें नाहीं, असें त्या स्वतः हंसत सांगतात. परंतु २००९ सालाच्या सुमारास त्यांनीं हें शिकविणें सुरू केलें, आणि थोड्याच वर्षांत लाखों लोक त्यांचे विद्यार्थी झाले. मी जन्मभर शिक्षकाचा पेशा केलेला असल्यामुळें त्यांचे कांहीं पाठ लक्षपूर्वक पाहिले. त्यांच्या यशाचें मर्म मला तेथें दिसलें. त्या एका वेळीं एकच गोष्ट सांगतात. कठीण शब्द वापरीत नाहींत. टांका वांकडा गेला तर तो लपवीत नाहींत. हंसून उसवून दाखवितात. चूक होणें हा शिकण्याचाच भाग आहे, हें ज्याच्या वागण्यांतून विद्यार्थ्याला समजतें तो शिक्षक चांगला. मग तो शाळेंत असो वा दुकानांत.

दुसरें मर्म मापांत आहे. क्विल्टचें काम नवशिक्यास अवघड वाटतें तें कापड बेतण्यामुळें. रंगाशीं रंग जुळवा, मोजा, कापा, ह्यांतच उत्साह संपतो. म्हणून कापडवाल्यांनीं आधींच कापलेले संच तयार केले. पांच इंची चौकोनांचा एक, दहा इंची चौकोनांचा दुसरा, आणि अडीच इंच रुंदीच्या चाळीस पट्ट्यांची गुंडाळी करून तिसरा. ह्या गुंडाळीला जेली रोल ह्या मिठाईचें नांव आहे, कारण दिसण्यांत ती तशीच दिसते. हिच्यापासून क्विल्ट करण्याची जी एक युक्ति लोकप्रिय झाली आहे, ती अंकगणिताच्या पुस्तकांत घालण्यासारखी आहे. चाळीस पट्ट्या टोंकास टोंक जोडून एकच लांब पट्टी करावयाची. शिवणींत जाणारें वगळून ती सुमारें १,६०० इंच भरते. ती मध्यावर दुमडून दोन्ही पदर कडेनें एकमेकांस शिवावयाचे व दुमड कापावयाची, म्हणजे ८०० इंचांच्या दोन पट्ट्या झाल्या. पुन्हां दुमडून शिवलें कीं ४०० इंचांच्या चार, मग २०० इंचांच्या आठ, मग १०० इंचांच्या सोळा, आणि पांचव्या खेपेस ५० इंचांच्या बत्तीस. अडीच इंचांपैकीं दोन्ही कडांचा पाव पाव इंच शिवणींत जातो, म्हणजे पट्टी दोन इंच राहिली. बत्तीस दुणे चौसष्ट. झाला ५० इंच रुंद आणि ६४ इंच लांब असा वरचा थर तयार! कोणत्या रंगाशेजारीं कोणता रंग येईल हें आधीं सांगतां येत नाहीं, आणि त्यांतच त्याची मौज आहे.

ह्या दोन मर्मांच्या बळावर धंदा वाढला. गांवांतील पडक्या इमारती एकेक करून कंपनीनें घेतल्या, दुरुस्त केल्या आणि तेथें दुकानें थाटलीं. आम्ही गेलों तेव्हां मुख्य रस्त्याच्या दुतर्फा अशीं डझनाभर दुकानें होतीं. एका दुकानांत नुसतें फुलांच्या छापाचें कापड, दुसऱ्यांत लहान मुलांच्या चित्रांचें, तिसऱ्यांत मेणाच्या छापाचें बाटिक, चौथ्यांत सणावारांचें, पांचव्यांत केवळ खालच्या थरासाठीं लागणारें रुंद पन्ह्याचें. भिंतींवर मोठमोठीं चित्रें रंगविलेलीं. रस्त्यांत दूरदूरच्या राज्यांच्या पाट्यांच्या मोटारी उभ्या होत्या. बायकांचे थवे ह्या दुकानांतून त्या दुकानांत जात होते. सत्तरीच्या आज्या आणि त्यांच्या नाती बरोबरीनें रंग निवडीत होत्या. शेंकडों माणसांना ह्या कंपनीनें काम दिलें. २०१५ सालीं सरकारच्या लघुउद्योग खात्यानें जेनीबाईंचीं दोन मुलें व त्यांचा एक सहकारी यांचा देशांतील सर्वोत्तम लहान उद्योजक म्हणून गौरव केला.

पुरुषांची सोयहि त्या गांवानें केलेली आहे. बायका कापड पाहत असतां कंटाळलेल्या नवऱ्यांनीं कोठें बसावें? त्यासाठीं एक स्वतंत्र दालन असून तेथें आरामखुर्च्या व दूरचित्रवाणी ठेविली आहे. मीहि तेथें घटकाभर टेकलों. शेजारच्या खुर्चींत एक वृद्ध शेतकरी होते. बोलण्याच्या ओघांत ते म्हणाले कीं, आमच्या गांवचीं सगळीं दुकानें गेलीं, शाळा शेजारच्या गांवच्या शाळेंत मिळविली. पत्नी येथें कापडाला येते आणि मी ह्या गांवचा उजेड पाहावयास येतों. त्यांच्या ह्या बोलण्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. जवळच गांवच्या जुन्या शाळेच्या इमारतींत त्याच वर्षीं क्विल्टचें संग्रहालय सुरू झालें होतें. वर्गांच्या भिंतींवर, जेथें एके काळीं फळे असतील तेथें, गोधड्या टांगलेल्या पाहिल्या. शाळा ओस पडण्यापेक्षां हें किती तरी चांगलें, असें मनास वाटलें. तरी मुलांच्या आवाजावांचून शाळेची इमारत जरा पोरकीच दिसते.

आमच्या घरांत ह्या सहलीनें एक वाद उत्पन्न केला, तोहि सांगतों. माझ्या पत्नीनें नातीसाठीं स्वतःच्या आईच्या दोन लुगड्यांची गोधडी शिवून नेली होती. दुपारचें काम आटोपून रोज तासभर, असे तीन महिने ती त्यावर बसली होती. आणि त्या दिवशीं तिनेंच दुकानांतून नव्या कापडाची एक गुंडाळी विकत घेतली. मी म्हटलें, "जुनें टाकवत नाहीं म्हणून गोधडी असते. नवें कोरें कापड कापावयाचें आणि मग तेंच जोडावयाचें, हा कोठला न्याय?" ती म्हणाली, "अहो, तुमचा न्याय राहूं द्या. ह्या पट्ट्यांच्या निमित्तानें पोरीचा हात सुईकडे वळला तर पुढें लुगड्याची गोधडीहि ती शिवेल. माझी गोधडी तिला नुसती पांघरतां येते." आणि झालें तसेंच. आजी व नात यांनीं दोन दुपारींत यंत्रावर तो चौसष्ट इंची थर पुरा केला. आणि नंतर नातीनें आपण होऊन आजीला धांवदोरा कसा घालावा हें विचारलें. तीन महिन्यांच्या गोधडीनें जें झालें नव्हतें, तें दोन दुपारींनीं झालें. वाद तेथेंच मिटला.

तथापि ह्या चित्राची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. गांव तरलें खरें, पण तें एकाच कंपनीच्या आधारावर. उद्यां लोकांचा छंद पालटला तर काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पेनी ह्यांच्या दुकानांचें उदाहरण त्याच गांवचें आहे. शिवाय ही कला आतां सवड असलेल्यांची झाली आहे. यंत्र, कापड, प्रवास, सर्वांस पैसा लागतो. जुन्या कपड्यांच्या गोधडीची मूळ कळा पाहावयाची तर दक्षिणेंतील अलाबामा राज्यांत जीज् बेंड ह्या वस्तीकडे पाहावें लागेल. गुलामगिरींतून सुटलेल्यांच्या वंशजांची ती वस्ती. तेथील बायका नवऱ्यांच्या विटलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या, त्या केवळ थंडीच्या निवारणासाठीं. त्याच गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या, आणि २००६ सालीं त्यांचीं चित्रें टपालाच्या तिकिटांवर आलीं. केंटकी राज्यांतील पादुका ह्या शहरानें निराळाच मार्ग धरला. तेथें १९८५ पासून दरसाल क्विल्टचें प्रदर्शन भरतें, १९९१ सालीं संग्रहालय निघालें, आणि २०१३ सालीं युनेस्कोनें त्या शहराचा हस्तकलेचें शहर म्हणून गौरव केला. म्हणजे एकाच वस्तूवर तीन गांवें तीन तऱ्हांनीं उभीं राहिलीं: एक व्यापारानें, एक निढळाच्या घामानें आणि एक संस्थेच्या बळावर.

आपण ह्यांतून काय घ्यावें? आपल्याकडे गोधडी घरोघर आहे, परंतु ती शिवणारी पिढी मावळत चालली आहे. कांहीं ठिकाणीं बायकांचे गट गोधड्या शिवून विकतात. शहरांतून त्यांना मागणीहि आहे. परंतु घासाघीस करतांना आपण कापडाचा हिशेब मांडतों, टांक्यांचा मांडीत नाहीं. रोज एक तास ह्या हिशेबानें तीन महिन्यांची गोधडी म्हणजे नव्वद तासांचें काम. घरकाम करणाऱ्या बाईला आपण तासाला जें देतों त्याच्याशीं हा आंकडा एकदां गुणून पाहावा, म्हणजे गोधडीची किंमत किती असावयास हवी तें ज्याचें त्याला कळेल. आणि गुणाकार केल्यावर पुन्हां घासाघीस करण्याचें धैर्य फारच थोड्यांना होईल.

आणखी एक गोष्ट. हॅमिल्टननें प्रथम कापड विकलें नाहीं. प्रथम शिकविलें, आणि तेंहि फुकट. ज्यांना शिवतां येऊं लागलें त्यांनीं मग आपण होऊन कापड घेतलें. कोणतीहि कला टिकावी असें वाटत असेल तर तिचें प्रदर्शन भरविण्याआधीं ती शिकवावी लागते. आपल्या घरांत ज्या आजीला, आईला, आत्याला धांवदोरा येतो, तिच्याजवळ ह्या दिवाळीच्या सुटींत मुलांना बसवावें, मुलींना आणि मुलांनाहि. एक जुनें लुगडें, एक सुई, एक दोऱ्याची रीळ, एवढेंच भांडवल लागतें. पहिला टांका वांकडा येईल. तो उसवावा आणि पुन्हां घालावा.